खासगी थेरपी प्रॅक्टिससाठी वेबसाइट: कागदावरच्या यादीपासून पहिल्या फोनपर्यंत

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर माझी समुपदेशनाची खोली आहे. पहिल्या सेशनला आलेली माणसं बसता बसता बरेचदा सांगतात, "तुमची साइट आधी दोन-तीनदा वाचली होती." कधी, असं विचारलं तर उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. रात्री, घरातले झोपल्यावर, मोबाइलवर.

म्हणून साइटचं कुठलंही काम करताना मी एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवते. रात्रीचे अकरा वाजलेत, शेजारी कोणीतरी झोपलंय, स्क्रीनचा उजेड कमी केलाय. यायचं की नाही हे त्याचं ठरलेलं नाही, आणि कोणाला कळलं तर काय, ही धास्ती मोठी आहे. बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींत ती धास्ती खोटीही नाही. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. कोण कोणाची भाची हे दोन वाक्यांत निघतं. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी या वाचणाऱ्या माणसाची सोय बघून ठरवलेली आहे.

पहिली पायरी: कॉम्प्युटर बंद ठेवून कागद घ्या

साइट बनवणाऱ्याला फोन करण्याआधी एका कागदावर या गोष्टी लिहून काढा: तुम्ही कोणाला भेटता, कोणाला भेटत नाही, कोणत्या भाषांत बोलता, फी किती, सेशन किती मिनिटांचं, वेळ रद्द केली तर काय, ऑनलाइन घेता का. "कोणाला भेटत नाही" हा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. मी दारूच्या व्यसनावर एकटीने काम करत नाही, औषधं लिहून देत नाही, दहा वर्षांखालची मुलं घेत नाही. हे साइटवर स्पष्ट आहे. आधीच थकलेल्या माणसाला चुकीच्या दारापर्यंत चालवायचं नाही.

त्याच कागदावर तुमची पदवी आणि तुम्हाला कायद्याने लावता येणारं नाव लिहा. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक हे तिन्ही शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. साइटने हा घोळ वाढवायचा नाही, सोडवायचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. ही संस्था १९९२ च्या कायद्याखाली चालते. नोंदणी असेल तर क्रमांक साइटवर द्या, म्हणजे कोणालाही पडताळता येईल. मानसशास्त्रात एम. ए. करून समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं असेल तर "समुपदेशक" लिहा, त्यात कमीपणा काही नाही. नावामागे "डॉ." पीएच.डी. किंवा वैद्यकीय पदवी असेल तरच.

ऑनलाइनबद्दल एक गोष्ट आधीच ठरवा. बडोद्यातल्या घराघरातलं कोणीतरी अमेरिकेत किंवा कॅनडात आहे, आणि "माझ्या मुलीशी बोलाल का, ती न्यू जर्सीत असते" असा फोन येतोच. पण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत थेरपीचा परवाना क्लायंट जिथे बसलाय तिथला लागतो. मी साइटवर लिहिलंय: "ऑनलाइन सेशन फक्त भारतात असलेल्या व्यक्तींसाठी." नंतर कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

दुसरी पायरी: नाव आणि डोमेन

डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नावात "डिप्रेशन", "मेंटल", "माइंड क्लिनिक" असे शब्द घालू नका. ते नाव नवऱ्याच्या फोनच्या हिस्टरीत दिसतं, सासूबाईंच्या टॅबवर सुचवणीत वर येतं. तुमचं स्वतःचं नाव, नाहीतर एखादं साधं नाव घ्या. हाच नियम यूपीआयलाही लावा. फी भरली की समोरच्याच्या बँकेच्या स्टेटमेंटवर तुमचं खातं ज्या नावाने आहे ते नाव उमटतं, आणि अनेक घरांत पासबुक एकच जण बघतो. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं पानाचं शीर्षकही तसंच साधं असू द्या.

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डाने घ्या. साइट बनवणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या खात्यावर नको. तो दुसऱ्या शहरात गेला, त्याने धंदा बंद केला, की डोमेनचं नूतनीकरण राहून जातं आणि नाव भलत्याच्या हाती लागतं. पहिल्या वर्षाची किंमत कमी आणि नूतनीकरणाची जास्त असते. घेताना दुसरा आकडा बघा. कामासाठी वेगळा ईमेल उघडा आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. कुटुंबाचा किंवा ऑफिसचा सामायिक ईमेल मुळीच नको.

तिसरी पायरी: साइट कशावर बांधायची

इथे फार वेळ घालवू नका. एकट्याच्या प्रॅक्टिसला पाच पानं पुरतात: मुखपृष्ठ, माझ्याबद्दल, पहिलं सेशन आणि फी, गोपनीयता, संपर्क. एवढ्यासाठी गुगल साइट्स किंवा पानं सरकवून बनवता येतील अशी एखादी तयार सेवा चालते. वर्डप्रेस हे साइट बांधायचं सॉफ्टवेअर जास्त मोकळीक देतं, पण त्याची प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, वेळच्या वेळी अपडेट करावी लागतात. जुनी राहिलेली प्लगइन हा साइट हॅक होण्याचा नेहमीचा रस्ता आहे. दर महिन्याला तासभर देणारं कोणी असेल तर वर्डप्रेस घ्या, नसेल तर नको. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (https) असलंच पाहिजे, म्हणजे वाचणारा आणि साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कोणाला वाचता येत नाही. त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेकडून फुकट मिळतं, त्यामुळे कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर का, ते विचारा.

चौथी पायरी: मजकूर

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. माझ्या साइटचं पहिलं वाक्य आधी असं होतं: "व्यक्तीच्या सर्वांगीण मानसिक स्वास्थ्यासाठी पुराव्याधारित समुपदेशन सेवा उपलब्ध." वाचून माझ्या मावशीने विचारलं, "म्हणजे काय करतेस तू?" आता तिथे असं आहे:

"झोप लागत नाही, कारण नसताना छातीत धडधडतं, घरात बोलायला कोणी नाही असं वाटतं, किंवा एखादी गोष्ट विसरता येत नाही: अशा वेळी निवांत बसून बोलायची ही जागा आहे. मी मराठी, गुजराती आणि हिंदीत बोलते. खोली दांडिया बाजारात आहे. पहिल्या भेटीत काही ठरवावं लागत नाही."

या चार-पाच ओळींत कोणासाठी, कोण, कुठे आणि किती धोका, या चारही प्रश्नांची उत्तरं येतात, आणि ती मोबाइलच्या पहिल्याच स्क्रीनवर मावतात. लोक शोधताना "चिंताविकार" लिहीत नाहीत. "टेन्शन", "झोप येत नाही", "सारखं रडू येतं" असं लिहितात. त्यांचेच शब्द पानावर असले तर गुगलवर साइट सापडते, आणि वाचणाऱ्यालाही आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटतं.

"पहिलं सेशन" हे पान मनापासून लिहा. दार कोण उघडतं, बाहेर किती जण बसलेले असतात, कुठे बसायचं, काय विचारलं जातं, रडू आलं तर काय, मध्येच उठून जावंसं वाटलं तर चालेल का, कागदावर काय लिहिलं जातं आणि तो कागद कुठे राहतो. माझ्याकडे दोन सेशनच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी असतात, त्यामुळे जिन्यात कोणी कोणाला भेटत नाही. ही ओळ साइटवर घातल्यावर तिच्याबद्दल मला जेवढे लोक बोलले तेवढे माझ्या पदव्यांबद्दल कधी बोलले नाहीत.

फी आकड्यात लिहा. "फीसाठी संपर्क करा" वाचून माणूस फोन करत नाही, पान बंद करतो. विद्यार्थ्यांसाठी सवलत असेल तर तीही लिहा, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवरची मुलं विचारायला फार लाजतात.

आता गोपनीयतेचं पान. "सर्व माहिती गुप्त ठेवली जाईल" एवढं लिहिणं पुरेसं नाही आणि पूर्ण खरंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २३ वं कलम गोपनीयतेचा हक्क देतं आणि त्याचे अपवादही सांगतं: जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता असेल, न्यायालयाचा आदेश असेल. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवावीच लागते. हे अपवाद साध्या शब्दांत, आधीच सांगा. नंतर कळलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं. आपल्या घरांचा विचार करून मी आणखी एक वाक्य घातलंय: "फी तुमच्या आईवडिलांनी किंवा जोडीदाराने भरली, तरी तुम्ही सज्ञान असाल तर सेशनमध्ये काय बोललात ते त्यांना सांगितलं जात नाही."

"हमखास गुण", "तीन सेशनमध्ये नैराश्यमुक्ती" असलं काही लिहू नका. क्लायंटच्या प्रतिक्रियाही नकोत, नाव झाकूनसुद्धा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नीतिसंहिता चालू क्लायंटकडून प्रशस्तिपत्र मागायला मनाई करते, आणि कारण उघड आहे: ज्याचं मन तुमच्यापुढे उघडं आहे तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. शिवाय बडोद्यात "अ. ब., रावपुरा" एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

फोटोंचं थोडक्यात सांगते. डोकं धरून अंधारात बसलेल्या बाईचा विकतचा फोटो लावू नका. तुमच्या खोलीचा खरा फोटो लावा: दोन खुर्च्या, खिडकी, पाण्याचा तांब्या. तुमचा स्वतःचाही एक, कॅमेऱ्याकडे बघणारा.

पाचवी पायरी: भाषा आणि अक्षर

बडोद्यात मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन आवृत्त्या लागतात. तिन्ही एकदम करता आल्या नाहीत तरी चालेल, पण मशीनने भाषांतर करून टाकू नका. "मन मोकळं करणं" हे गुजरातीत कसं म्हणतात ते गुजराती घरात वाढलेलं माणूसच सांगेल. माझी गुजराती पानं एका गुजराती मैत्रिणीने मोठ्याने वाचली आणि निम्मी वाक्यं बदलली.

अक्षरासाठी युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर देवनागरी नीट दिसेल असा फॉन्टच वापरा. जुनं माहितीपत्रक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर ते तसंच चिकटवू नका, साइटवर नुसती चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. देवनागरीसाठी मुक्ता हा मोफत फॉन्ट मला आवडतो, आणि त्याच कुटुंबातला मुक्ता वाणी गुजरातीसाठी आहे, त्यामुळे दोन्ही पानं बहिणी वाटतात. अक्षराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको, आणि दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, साधारण १.६ ते १.७ पट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा नोंदवायला सांगा, म्हणजे डोळ्यांनी अधू असलेल्यांचा स्क्रीन रीडर योग्य उच्चारात वाचेल. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत द्या आणि बोट लावताच फोन लागेल असा करा.

सहावी पायरी: संपर्काचा फॉर्म

पहिल्या वर्षी माझ्या फॉर्ममध्ये एक मोठा चौकोन होता: "तुमची अडचण सविस्तर लिहा." एका शुक्रवारी रात्री कोणीतरी त्यात तीन-चारशे शब्द लिहिले. शेवटच्या ओळी वाचून माझे हात गार पडले. मी त्या सोमवारी सकाळी वाचत होते. त्या व्यक्तीशी त्याच दिवशी बोलणं झालं, ती सुखरूप होती, आणि तिच्याबद्दल इथे एवढंच सांगते. पण दोन दिवस आणि तीन रात्री तिला वाटत होतं की आपण लिहिलेलं कोणीतरी वाचलंय आणि उत्तर दिलं नाही. तो चौकोन मी त्याच दुपारी काढून टाकला.

आता फॉर्ममध्ये चार गोष्टी आहेत. तुम्हाला काय नावाने हाक मारू (खरं नाव नसलं तरी चालेल). फोन नंबर. फोन करू की मेसेज, आणि कोणत्या वेळी. आणि चौथी: "फोन दुसऱ्या कोणी उचलला तर मी काय सांगू?" या शेवटच्या प्रश्नाखाली लोक लिहितात, "शिवणाच्या क्लासमधून बोलतेय म्हणा", "काही सांगू नका, ठेवून द्या." त्या एका ओळीतून त्यांचं घर कळतं.

फॉर्मच्या वर, मोठ्या अक्षरात हा मजकूर आहे. हवा तर जसाच्या तसा घ्या:

"हा फॉर्म फक्त वेळ ठरवण्यासाठी आहे. अडचण इथे लिहू नका, ती आपण भेटल्यावर बोलू. निरोप मी सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत पाहते. आत्ता जगणं नकोसं झालं असेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका. टेलि-मानस १४४१६ (दिवसरात्र, मोफत), तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८."

टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि ती अनेक भारतीय भाषांत चालते. हे नंबर प्रत्येक पानाच्या तळाशीही असू द्या.

व्हॉट्सॲपचं आपोआप जाणारं उत्तर तपासा. लॉक केलेल्या स्क्रीनवरही त्याची पहिली ओळ दिसते. "समुपदेशन केंद्रात आपले स्वागत" ऐवजी "नमस्कार, निरोप मिळाला. उद्या ११ ते १ मध्ये फोन केला तर चालेल?" एवढंच ठेवा.

घरातल्या मारहाणीबद्दल पान असेल तर त्यावर "लगेच बाहेर पडा" असं बटण द्या, ज्याने हवामानाचं किंवा बातम्यांचं पान उघडेल. त्याने हिस्टरी पुसली जात नाही, हेही शेजारी लिहा आणि खासगी विंडो कशी उघडायची ते दोन ओळींत सांगा.

सातवी पायरी: कोण बघतंय ते बंद करा

साइट बनवणारे सवयीने फेसबुकचं पिक्सेल (कोण आलं ते फेसबुकला कळवणारा कोडचा तुकडा), गुगल ॲनालिटिक्स, चॅटची खिडकी, असं सगळं लावून देतात. प्रत्येक गोष्ट वाचणाऱ्याबद्दल बाहेर काहीतरी कळवते. किराणा दुकानाच्या साइटवर त्याचं फारसं बिघडत नाही. इथे "या माणसाने थेरपीचं पान उघडलं" हीच नाजूक माहिती आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीवर ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका ठेवला, आणि प्रकरण ७८ लाख डॉलर देऊन मिटलं. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. माहिती घेताना संमती, घेण्याचं कारण आणि ती पुसून मागण्याचा हक्क, ही त्यातली मुख्य सूत्रं आहेत. ती आजच पाळा.

साइट करणाऱ्याला स्पष्ट सांगा: एकही ट्रॅकर नको, जाहिरातीची एकही कोडची ओळ नको. फॉर्मची माहिती कुठे साठते ते विचारा, आणि वेळ ठरली की ती पुसा. किती लोक आले हे कळायला हवं असेल तर पहिल्या भेटीत विचारा, "माझ्याबद्दल कुठून कळलं?" एकट्याच्या प्रॅक्टिसला तेवढी मोजणी पुरते.

आठवी पायरी: नकाशा आणि रिव्ह्यू

गुगल मॅप्सवर खोलीची नोंद करा. त्या नोंदीवरचे रिव्ह्यू बंद करता येत नाहीत, म्हणून आधीच ठरवून ठेवा की कोणाकडे मागायचे नाहीत. कोणी चांगलं लिहिलं तरी "तुमच्यासोबत काम करून आनंद झाला" असं उत्तर देऊ नका; त्या एका वाक्याने तो माणूस तुमचा क्लायंट आहे हे तुम्ही जगाला सांगता. वाईट लिहिलं तर बाजू मांडायचा मोह फार होतो. तरी इतकंच लिहा: "कोण माझ्याकडे येतं याबद्दल मी इथे बोलू शकत नाही. काही सांगायचं असल्यास कृपया फोन करा."

वाट दाखवताना इमारतीचं दार, जिना, लिफ्ट आहे की नाही, गाडी कुठे लावायची, हे सगळं लिहा. दांडिया बाजारात संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि घाबरत आलेला माणूस दोन फेऱ्या मारून परत जातो. पाटीवर काय लिहिलंय तेही सांगा. माझ्या पाटीवर फक्त नाव आहे. घरातच प्रॅक्टिस करत असाल तर साइटवर फक्त भाग लिहा, जसं "कारेलीबाग" किंवा "मांजलपूर". पूर्ण पत्ता वेळ ठरल्यावर द्या.

नववी पायरी: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

साइट तुमच्या लॅपटॉपवर नका तपासू. मावशीच्या जुन्या मोबाइलवर, एकाच काडीच्या नेटवर्कवर, उजेड अगदी कमी करून उघडा. तिला फोन हातात द्या आणि काहीही न सांगता म्हणा, "वेळ घ्यायची असेल तर कशी घेशील?" ती जिथे अडेल तिथे सुधारा.

नंतर वेळापत्रक ताजं ठेवा. नवरात्रात अर्धं बडोदं रात्री उशिरापर्यंत गरब्यात असतं आणि सकाळच्या वेळा रिकाम्या राहतात, उत्तरायणाला दोन दिवस सगळं बंद, दिवाळीत तर आठवडाच. सुट्टीच्या तारखा मुखपृष्ठावर वर लिहा, आणि त्यांच्याच खाली १४४१६ पुन्हा.

महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्वतःच्या साइटवर जाऊन, दुसऱ्याच्या फोनवरून, फॉर्म भरते. नाव काहीतरी घालते आणि चौथ्या प्रश्नाखाली लिहिते, "काही सांगू नका." मग निरोप किती वेळात माझ्या टेबलावरच्या फोनवर येतो ते घड्याळ लावून बघते. गेल्या वर्षी एकदा तो आलाच नाही. मेल स्पॅममध्ये पडत होते. त्याच्याखाली आणखी दोन निरोप होते, आठ दिवसांपूर्वीचे. दोघांनाही त्यांनी लिहिलेल्या वेळेला फोन केला.